कॉन्ट्री किती, ते आधी सांगा!

तुमच्या फोनमध्ये सेव्ह केलेल्या रील्सचा फोल्डर आत्ता उघडून बघा. त्यात एक तरी मिसळीची असणार. वरून लालभडक कट ओततायत, शेव भिजतेय आणि मागे कोणीतरी 'नाद खुळा' म्हणतंय. त्याखाली तुम्ही मित्राला टॅग केलेलं असणार, 'भावा, कधी?' आणि त्याने उत्तर दिलेलं असणार, 'नेक्स्ट वीकेंड पक्का.' तो वीकेंड कधीच येत नाही. आमचा आला. आम्ही चौघं कोल्हापूरला जाऊन आलो, दोन दिवस फक्त खायला. त्याचंच 'कुठे काय खाल' असं छान लिहून द्यायचं होतं मला. लिहितेही आहे, पण मध्ये एक हिशेब चुकला. तोही सांगितल्याशिवाय हे पान पुढे जाणार नाही.

आधी प्रवास. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. स्वारगेटवरून एसटी आहेतच, आणि रात्री मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस पुण्यात पकडली की सकाळी कोल्हापुरात उतरता येतं. आम्ही एसटी घेतली, कारण मार्च २०२३ पासून मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे. आम्ही दोघी मुली, दोघं मुलगे. म्हणजे तिकिटाच्या खिडकीपाशीच चौघांची ट्रिप चौघांना सारख्या पैशात पडणार नाही, हे ठरलं होतं. तेव्हा आम्ही त्यावर फक्त हसलो. 'लाडक्या बहिणी' वगैरे जोक झाले.

राहायची सोय रूममेटच्या मावशीकडे. मावशीने फोनवरच सांगून ठेवलं होतं, "शनिवारी आमच्यात नसतंय. रविवारी घालते जेवायला." हे लक्षात ठेवा. कोल्हापूर म्हणजे मटण असं आपल्या डोक्यात असतं, पण कितीतरी घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार असे वार पाळतात. ट्रिप ठरवताना कॅलेंडर बघतो आपण, वार बघत नाही.

शनिवारी सकाळी पहिली मिसळ. पुण्यातली सवय घेऊन जाऊ नका, कारण इथे लादीपावाऐवजी बहुतेक ठिकाणी ब्रेडचे स्लाइस येतात. खाली मोडाची मटकी, त्यावर शेव-चिवडा, कांदा, आणि मग कट. कट म्हणजे नुसतं तिखट पाणी नाही. त्यात वर्षभर पुरवलेली घरची चटणी असते. कोल्हापुरात 'चटणी' म्हणजे कांदा-लसूण मसाला, हेही आम्हाला तिथेच कळलं. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरच्या आणायच्या, एक तिखटपणासाठी, एक रंगासाठी. खोबरं, तीळ, धणे, कांदा, लसूण भाजायचं, सगळं कांडपावर न्यायचं आणि बरणीत भरायचं. मग वर्षभर मिसळीपासून रस्श्यापर्यंत सगळ्यात तीच. म्हणूनच पहिल्या घासाला जे लागतं ते तिखट नसतं, ते भाजलेल्या खोबऱ्याचं आणि लसणाचं असतं. तिखट मागून येतं, सावकाश, कानापर्यंत. आपल्याकडच्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर जे 'व्हेज कोल्हापुरी' असतं, त्याचा आणि याचा काहीही संबंध नाही. मी मावशीला त्याबद्दल विचारलं तर तिने "ते काय असतंय?" असं विचारलं.

आम्ही फोटो काढत बसलो होतो. वाढणारे काका दोनदा येऊन गेले, तिसऱ्यांदा थांबले. "फोटू झाला आसंल तर खावा की पोरींनो. गार हुतंय." आम्ही ओशाळलो आणि खाल्लं. खरं सांगते, पहिले दोन फोटो सोडले तर बाकीचे नंतर कुणी उघडूनही पाहिले नाहीत.

मग यादीतली दुसरी मिसळ. का? तर 'कम्पेअर' करायला. रीलवाले करतात ना, 'ही भारी की ती भारी'. इथे आमच्यातला एकजण म्हणाला, "मला नको, पोट भरलंय." त्याचं नाव लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लिही, पण नाव नको आणि गावही नको." आम्ही तिघांनी खाल्ली. तो बाहेर फोनवर बोलत उभा होता.

दुपारी तर आमचं थाळीचं ठरलेलंच होतं. रूममेट म्हणाली, मावशीला सांगू नका. सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी, दही-कांदा, भात. चारशेच्या आसपास एक थाळी. तो पुन्हा म्हणाला, "सकाळचीच मिसळ जिरली नाही रे. मी सोलकढी घेतो." आम्ही त्याची टिंगल केली. 'पोट आहे की पाकीट?' असंही कोणीतरी म्हणालं. ते कोणीतरी म्हणजे मी. अमर्याद रस्सा असलेली थाळी दोघांत खाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरही आहे, खानावळीला परवडायला हवं. पण आमच्या डोक्यात हे आलंच नाही की हा माणूस समोर बसून सोलकढीचा एक ग्लास अर्धा तास पुरवतोय.

दुपारी पाय मोकळे करायला दसरा चौकात गेलो. मी मॅपवर पुढचं ठिकाण शोधत होते. तो शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "तुम्हाला माहितीय का, या शहरात एका चहाच्या हॉटेलामुळे केवढं झालं होतं?" गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल, मीही ऐकली होती, विसरले होते. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना सोबतच्या लोकांनी मारलं. महाराजांनी त्यांना स्वतःचं हॉटेल काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर त्यांनी 'सत्यसुधारक' नावाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तर महाराजच आले. गाडी थांबवायची, तिथला चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि सोबतच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजायचा. राजाने प्यायल्यावर ते नाही कसं म्हणणार?

शंभर वर्षांपूर्वीच्या शहरात राजाने लोकांना जे आधी शिकवलं ते 'काय खावं' नव्हतं, 'कोणासोबत' हे होतं. याच शहराला वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या पोरांनी शिकायला शहरात यायचं तर फी नंतर, आधी दोन वेळच्या जेवणाचं आणि अंग टाकायला जागेचं बघावं लागतं, हे त्यामागचं साधं गणित. तो हे सांगत होता तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की, अरे, याला बरंच माहितीय. तो स्वतः अकरावी-बारावी सरकारी वसतिगृहात राहिलाय, हे मला आठवायला हवं होतं.

संध्याकाळ मात्र मस्त गेली. खासबाग मैदान बघा, आत जाता आलं तर जरूर जा. महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान. कुठूनही बसलात तरी आखाडा दिसतो. त्याच्याजवळच भेळ खायची. आणि मग गंगावेशीतला दूध कट्टा. हे मात्र चुकवू नका. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, समोर धार काढतात आणि तेच कोमट, फेसाळ दूध ग्लासात. तालमीच्या शहरात हे असंच असणार म्हणा. मला अर्धा ग्लासच गेला. त्याने दोन संपवले, ओठांवर फेसाची मिशी घेऊन हसत होता. दोन दिवसांतला त्याचा एकमेव चांगला फोटो तोच. नंतर आम्ही आइस्क्रीम खायला गेलो, तो रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून राहिला.

आणि रविवार. दोन दिवसांत खाल्लेल्या सगळ्यात वरचं जर काही असेल तर ते कुठल्याही यादीत नव्हतं. ते मावशीच्या स्वयंपाकघरात होतं. सकाळी नऊलाच मोठं पातेलं चढलं. मटणाला आलं-लसूण, मीठ लावून शिजवायचं. त्याचं जे पाणी निघतं ते अळणी. त्यातून दोन्ही रस्से. पांढऱ्यासाठी खसखस, तीळ आणि काजूचं बारीक वाटण, नारळाचं दूध, आणि फोडणीला दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी. हळद नाही, लाल तिखट नाही. नारळाचं दूध घातल्यावर मावशीने मला पळी हातात दिली आणि म्हणाली, "ढवळत ऱ्हा. उकळी फुटली की फाटतंय." वीस मिनिटं मी मंद आचेवर तेवढंच केलं. दुसऱ्या पातेल्यात तांबडा. चटणी, भाजलेलं खोबरं, कांद्याचं वाटण, वर तेलाचा कट.

मी विचारलं, "किती मटण आणलंय?" आम्ही चार, घरातली पाच, शेजारची दोन मुलं. "दीड किलो."

"पुरेल?"

मावशी हसली. "मटण मोजून असतंय बाई. रस्सा मोजायचा न्हाई."

हे वाक्य मी मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय. तांबडा-पांढरा म्हणजे शाही थाट असं आपण समजतो. थाट आहेच. पण घरात तो असतो कारण थोडं मटण खूप माणसांना पुरवायचं असतं. वाटीत फोडी दोन-तीनच येतात, बाकी भाकरी रस्श्यात कुस्करायची आणि ओरपायची. अकरा माणसं जेवली, पातेल्यात तरी उरला. आणि आमचा पोट भरलेला मित्र चार भाकऱ्या जेवला. पांढरा वाटीने पाच वेळा घेतला. मावशी वाढत गेली, तो नको म्हणालाच नाही. माझ्या लक्षात आलं, पण मी ते 'घरचं जेवण मिस करतोय बिचारा' या खात्यात टाकलं.

येताना मार्केटमधून गूळ घेतला (कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून जीआय मानांकन आहे, रासायनिक पिवळाधमक घेऊ नका, काळसर बघा), मावशीने पाव किलो चटणी बांधून दिली, आणि बसमध्ये कराड सोडेपर्यंत मी हिशेब लावून टाकला. अॅपवर सगळी बिलं टाकली, चार नावं, 'स्प्लिट इक्वली'. रिक्षासकट माणशी ७४०. दहा मिनिटांत चौघांचे पैसे जमा. एफिशियंट!

बुधवारी मी मेसला डबा घ्यायला गेले. तो आणि मी एकाच मेसला जेवतो. साठ कुपनांचे तीन हजार. काकू कुपन फाडताना सहज म्हणाल्या, "तुझा तो मित्र गावाला गेलाय का गं? रात्रीचा येत नाही सोमवारपासून." गावाला नव्हता गेला. दुपारी कॉलेजात माझ्यासमोर बसला होता.

घरी येऊन मी तो हिशेब पुन्हा केला, या वेळी माणसानुसार. एक मिसळ, एक सोलकढी, एक भेळ, दोन ग्लास दूध आणि रिक्षाचा वाटा. त्याचे होत होते ४२०. त्याने भरले ७४०. वरचे ३२० म्हणजे आमच्या थाळ्या, आमची दुसरी मिसळ आणि आमचं आइस्क्रीम. पन्नास रुपयांना एक कुपन. सहा रात्रींचं जेवण झालं ते.

मी त्याला ३२० पाठवले. त्याने परत पाठवले. मी पुन्हा पाठवले, त्याने पुन्हा परत. मग फोन केला. तो चिडला नव्हता, ते जास्त वाईट होतं. म्हणाला, "राहू दे गं. हे घेतले तर पुढच्या वेळी तुम्ही मला विचारणारच नाही."

मला यावर उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं असतं का?

कारण हे एकट्याचं नाहीये. तुमच्या ग्रुपमध्येही एक 'पोट भरलंय' असणार. एक 'मला भूक नाही', एक 'माझं पित्त वाढलंय', एक 'त्या दिवशी घरी काम आहे'. आपण त्यांना अरसिक म्हणतो, 'हा येतच नाही यार' म्हणतो, आणि दोन-तीन वेळा नाही म्हटल्यावर विचारणं बंद करतो. पूर्वी कँटीनला प्रत्येकजण खिशातून नोटा काढायचा, तेव्हा कोणाच्या खिशात काय आहे ते दिसायचं तरी. आता अॅप बरोबर चारने भागतं आणि ते भागणं न्याय्य आहे असं आपल्याला वाटतं, कारण आकडा सगळ्यांसमोर सारखा येतो. सारखा आकडा सगळ्यांना सारखा लागत नाही. त्यातून नाही म्हणायची हिंमत कोणात असते?

काहीजण म्हणतील, मग मित्रांत बसून काय वह्या घालायच्या? प्रत्येक भेळीचा हिशेब? मलाही आधी तेच वाटलं. पण आम्ही हिशेब केलाच होता की, फक्त आळशी केला होता. दुसरे म्हणतील, त्यात काय, त्याचे आम्ही भरतो! हे तर मुळीच करू नका. एकदा ठीक आहे, वाढदिवसाला ठीक आहे. दर वेळी कोणीतरी तुमचे भरतंय म्हटल्यावर तुम्ही थाळी ऑर्डर करताना आधी भरणाऱ्याच्या तोंडाकडे बघता. मग तुम्ही सोलकढीच मागवता.

मला वाटतं, करायचं ते निघायच्या आधी करायचं. ट्रिपचं ठिकाण ठरायच्या आधी आकडा ठरवायचा, आणि तो ज्याला सगळ्यात कमी जमतो त्याच्याकडून सुरू व्हायला हवा. त्याला एकट्याला ग्रुपवर बोलायला लावू नका. ग्रुपमध्ये पोल टाकता येतो, कोणी काय निवडलं हे नाही दाखवलं तरी चालतं, किंवा सगळ्यांनी एकाला पर्सनलवर आकडा कळवायचा आणि त्याने फक्त सगळ्यात खालचा ग्रुपवर टाकायचा. कोणाचा, हे सांगायचं नाही. मग त्या पैशांत काय बसतं ते शोधायचं. कोल्हापुरात बरंच बसतं. एक मिसळ, दूध कट्टा, खासबागची भेळ, आणि दोघातिघांच्या ओळखीत एखादी मावशी निघतेच. दोन मिसळींची तुलना रील करणाऱ्यांना करू दे, त्यांना त्याचे पैसे मिळतात. आणि ज्यांना थाळी खायचीच आहे त्यांनी खावी, खुशाल खावी, पण तिचं बिल वेगळं. अॅपमध्ये 'इक्वली'च्या शेजारीच दुसरा पर्याय असतो. मी तो त्या बुधवारी पहिल्यांदा दाबून पाहिला.

त्याचं आणि माझं मिटलं का? अर्धवट. ते ३२० शेवटी त्याच्याकडे गेले नाहीत, माझ्याकडेही राहिले नाहीत. मेसच्या काकूंकडे सहा कुपनं आणि वर एक पाहुण्याचं ताट असं काहीतरी मी करायला गेले, तर काकूच म्हणाल्या, "असले उद्योग करू नकोस, त्याला कळेल. मीच बोलावते त्याला." गुरुवारी रात्री तो मेसला होता. काकूंनी काय सांगितलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

सध्या ग्रुपवर सोलापूरचं चाललंय. कडक भाकरी, शेंगाचटणी, संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. या वेळी आकडा त्यानेच टाकलाय, तिकिटासकट ९००. खाली मी थम्स अप केलंय, रूममेटचं अजून 'टायपिंग' चालू आहे.